व्हॅनच्या बाजूच्या काचा : दुरुस्त होतील की बदलाव्याच लागतील? (ठाणे)

तिखटमीठ :

नमस्कार मंडळी. गाडीतलं मला हॉर्न आणि आरसा यापलीकडे फारसं कळत नाही, म्हणून हा धागा.

आमची ओम्नी आहे, २०१५ चं मॉडेल. गेल्या दिवाळीच्या आधी सेकंडहँड घेतली. माझा मसाले-चटण्यांचा घरगुती व्यवसाय आहे. शनिवार-रविवारी कुठे ना कुठे प्रदर्शन असतं, कधी वाशी, कधी डोंबिवली, त्यामुळे गाडीला सुट्टी नाही. राहायला कासारवडवली. म्हणजे घोडबंदर रोड, मेट्रोचं काम, पुढे डंपर, मागे डंपर आणि मध्ये आम्ही.

बिघाड तीन काचांत आहे, तिन्ही क्लीनर साइडच्या आणि तिघींची तऱ्हा वेगळी.

मागच्या सीटशेजारची, न उघडणारी काच : खालच्या कोपऱ्यातून तडा निघालाय. फेब्रुवारीत करंगळीएवढा होता, आता मे महिन्यात चांगला वीतभर झालाय. आतून बोट फिरवलं तरी लागतो.

सरकत्या दाराची पुढची काच : गायमुखच्या उतारावर समोरच्या डंपरमधून खडी उडाली. मुगाच्या डाळीएवढा टवका गेलाय. चार महिने झाले, तेवढाच आहे.

त्याच दाराची मागची काच : आडवे ओरखडे आणि सरकवली की करकर. ती माझ्या मते सगळ्यात कमी महत्त्वाची, पण आवाज सगळ्यात जास्त तिचाच.

दोन ठिकाणी दाखवलं. पहिला म्हणाला, "तड्यात रेझिन, म्हणजे घट्ट होणारा चिकट द्रव, भरून देतो, ९०० रुपये, जागच्या जागी थांबेल." दुसरा म्हणाला, "ताई, पावसाच्या आधी तिन्ही बदलून टाका, साडेसहा हजार, सगळ्या मॅचिंग होतील." जणू काही ब्लाउजपीस घ्यायला गेले होते. नवरा म्हणतो वरून पारदर्शक फिल्म लावू, फुटली तरी धरून ठेवेल.

मला एवढंच विचारायचं आहे की यातलं काय खरोखर दुरुस्त होतं आणि काय बदलणं भाग आहे. पैशाचा प्रश्न आहेच, पण आमच्या सासूबाई प्रवासभर त्या तडा गेलेल्या काचेलाच डोकं टेकून झोपतात. दुसऱ्या बाजूला बसा म्हटलं तर ऊन लागतं म्हणतात. आणि इन्शुरन्समधून काही निघेल का?

---

पारसिकपलीकडे :

इन्शुरन्सचं आधी सांगतो, कारण तेवढंच मला येतं. नुसता थर्ड पार्टी असेल तर विषय संपला. पूर्ण विमा असेल तर काचेच्या भागांवर घसारा (जुनेपणाची वजावट) कापत नाहीत, रबर आणि प्लास्टिकवर मात्र ५० टक्के कापतात. खासगी गाडी १५०० सीसीपर्यंतची असेल तर प्रत्येक क्लेमला १,००० रुपये सक्तीनं आपल्या खिशातले. शिवाय नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. तो पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि दावा न करता पाच वर्षं काढली की ५० टक्क्यांपर्यंत पोचतो. दोन-तीन हजारांच्या काचेसाठी तो घालवू नका.

फिल्मचं म्हणाल तर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वरून फिल्म चिकटवायला मनाई केली होती. पुढे नियमांत फेरफार झाले, पण सिग्नलवर हवालदाराशी त्यावर चर्चा करायची हौस असेल तरच लावा. बाजूच्या काचेतून निदान ५० टक्के प्रकाश आरपार यायला हवा, हा नियम आहेच.

---

गुगलीकर :

तड्याच्या टोकाला दोन मिलिमीटरचं बारीक भोक पाडायचं. तडा तिथंच थांबतो. मी माझ्या हेल्मेटच्या वायझरला केलंय, दोन वर्षं झाली, काही नाही. खर्च शून्य.

---

वागळे_३२ :

गुगलीकर, कृपा करून हा सल्ला मागे घ्या. ताई, ड्रिल कुणालाही लावू देऊ नका.

मी वागळे इस्टेटमध्ये बत्तीस वर्षं गाड्यांच्या काचा बसवल्या. आता घरी असतो, म्हणून टाइप करायला वेळ आहे. जरा लांबण लागेल.

गाडीत दोन जातीच्या काचा असतात. पुढची काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ थर. दगड लागला की बाहेरची काच फुटते, आतली आणि मधला थर शाबूत राहतो. रेझिन भरायचं काम त्या बाहेरच्या काचेतलं. हवा ओढून घेतात, रेझिन सोडतात आणि युव्ही दिव्याखाली घट्ट करतात. डाग लहान असेल तर उत्तम होतं.

बाजूच्या काचा सहसा टफन्ड असतात. ही काच भट्टीत ६०० अंशांच्या वर तापवतात आणि दोन्ही बाजूंनी हवेचा झोत मारून एकदम गार करतात. बाहेरचा भाग आधी गोठतो, आतला मागून आकसतो आणि बाहेरच्याला आत ओढत राहतो. म्हणजे काच स्वतःच स्वतःला आवळून बसलेली असते. ताकद त्यातूनच येते. पण ओरखडा किंवा भोक त्या आवळलेल्या थरातून पलीकडे गेलं की सगळा ताण एका क्षणात सुटतो आणि काचेचे खडीसाखरेएवढे तुकडे होतात. म्हणून टफन्ड काच नंतर कापता येत नाही, भोक पाडता येत नाही आणि तिच्यात रेझिन भरून काही साधत नाही.

आता तुमच्या प्रश्नात मला खटकलेली गोष्ट सांगतो. टफन्ड काचेला तीन महिने हळूहळू वाढणारा तडा जातच नाही. एक तर ती अख्खी असते, नाही तर खाली पडलेली असते. वीतभर तडा घेऊन उभी आहे म्हणजे ती काच टफन्ड नाही.

काचेच्या कोपऱ्यात छापलेला शिक्का बघा. आयएसआयची खूण, आयएस २५५३ हा सेफ्टी काचेच्या मानकाचा आकडा आणि काचेचा प्रकार असतो. तिन्ही काचांवर काय आहे ते लिहा.

---

तिखटमीठ :

काका, तुम्ही एवढं लिहिलंत, आभार. आत्ता खाली जाऊन बॅटरी मारून बघितलं. दाराच्या दोन्ही काचांवर शिक्का आहे, २५५३ सुद्धा आहे. तडा गेलेल्या काचेवर काहीच नाही. चारही कोपरे पुसून बघितले.

आणि एक. ती काच बाकीच्यांपेक्षा थोडी पिवळट दिसते. मला वाटलं उन्हानं.

---

वागळे_३२ :

आता आलं लक्षात. नखानं टकटक करा. काच खणखणीत वाजते, हे बद्द वाजेल. सकाळी सावलीत हात लावा. काच गार लागते, हे तेवढं गार लागणार नाही. घरात कुणाकडे पोलराइज्ड गॉगल असेल तर तो घालून तिरप्या उजेडात दाराच्या काचा बघा. टफन्ड काचेत चित्त्याच्या अंगावर असतात तसे फिकट ठिपके दिसतात, गार करताना हवा जिथं जिथं लागली त्याच्या त्या खुणा. तडा गेलेल्या काचेत तसे दिसतात का बघा.

शेवटचा प्रश्न, ती काच कशानं पुसता?

---

तिखटमीठ :

बद्द वाजते! आणि ठिपके दाराच्या काचांना आहेत, हिला नाहीत. नवरा गॉगल घालून रात्री पार्किंगमध्ये मोबाइलच्या उजेडात काचा न्याहाळत होता, वॉचमननं येऊन विचारपूस केली.

पुसते कशानं म्हणजे, तो निळा फवारा मिळतो ना काचेचा, त्यानं. दर शनिवारी.

---

वागळे_३२ :

तर ताई, ती काच नव्हेच. अॅक्रिलिकची, म्हणजे प्लास्टिकची, शीट आहे. आधीच्या मालकाची काच फुटली असणार आणि त्यानं दुकानांच्या पाट्यांना वापरतात तसली शीट कापून बसवली. अशा निळ्या फवाऱ्यात बऱ्याचदा अमोनिया किंवा अल्कोहोल असतं, त्यानं अॅक्रिलिकला बारीक तडे सुटतात. त्यात ते उन्हात काचेच्या सात-आठ पट जास्त फुगतं. बसवताना कडेला जागा सोडली नसेल तर जाणार कुठे? कोपऱ्यातून फाटतं. रेझिनवाल्यानं नख वाजवून बघायचेही कष्ट घेतले नाहीत.

आता निवाडा.

तडा गेलेली बदला. यात दुसरं मत नाही. मोटार वाहन नियमांत नियम १०० आहे, खिडक्यांना मानकात बसणारी सेफ्टी काच हवी. प्लास्टिक किंवा अॅक्रिलिकची सवलत तीनचाकीला आणि कापडी हुडाच्या गाड्यांना आहे, तुमच्या ओम्नीला नाही. नियम बाजूला ठेवा, ते फुटलं तर सुऱ्यासारखे लांब तुकडे होतात, आणि तिथं आजी झोपतात. फोटोफ्रेमवाल्याकडून साधी काच कापून घेण्याचा मोह झाला तर तेही नको, ती याहून वाईट.

टवक्याला नख लावून बघा. मघाशी सांगितलेला आवळलेला थर प्रत्येक बाजूनं जाडीच्या साधारण एक पंचमांश असतो. टवका त्याच्या आतच राहिला म्हणून काच उभी आहे. कडेपासून लांब असेल तर घाई नाही. पण दुरुस्तीच्या नावाखाली तिला कुणी खरवडू नये. जाईल तेव्हा न सांगता जाईल, दार जोरात आपटलं म्हणूनही जाईल, हे धरून चाला.

ओरखड्यांत नख अडकत नसेल तर सिरियम ऑक्साइडनं (काच घासायची बारीक भुकटी) पॉलिश होतं. अडकत असेल तर पॉलिश करू नका, तेवढं घासलं की त्या जागी काचेतून पलीकडचं वेडंवाकडं दिसतं. ड्रायव्हरची खिडकी असती तर बदला म्हटलं असतं, मधल्या दाराला चालतं. मात्र करकर काचेची नाही. खालच्या चॅनेलच्या फेल्टमध्ये, म्हणजे काच सरकते त्या खाचेतल्या मऊ पट्टीत, रेती बसलीय. जुन्या टूथब्रशनं काढा, पाण्यानं धुवा. तेल, ग्रीस घालू नका, पुन्हा धूळ धरेल.

---

गुगलीकर :

भोक मागे घेतलं. पण म्हणजे अॅक्रिलिकला माझा उपाय लागू पडला असता की!

---

वागळे_३२ :

पडला असता. हेल्मेटच्या दुकानात नोकरी बघा.

---

सावकाश_जा :

माझी भर. बंद काच काढली की काम काचेपुरतं राहत नाही, याची तयारी ठेवा. माझ्या व्हॅनच्या मागच्या काचेचं रबर वाळलं होतं. ऐरोलीला गाडी उभी असायची, पावसाळाभर पाणी रबराच्या खाली मुरत राहिलं. काच काढल्यावर खालचा पत्रा पापडासारखा हातात आला. काचेपेक्षा डेंटिंग-पेंटिंगचं बिल मोठं झालं. म्हणून भाव विचारताना "रबर नवीन धरून" असं विचारा. जुनंच रबर परत लावणारे पुष्कळ आहेत, आणि पहिल्या सरीला कळतं.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुनी काच स्वस्त मिळेल, पण शिक्का बघितल्याशिवाय उचलू नका. एकदा फसलात ते पुरे.

---

तिखटमीठ :

अपडेट. (धागा काढून गायब होणाऱ्यांतली मी नाही.)

कळव्यात एकाकडे काम केलं. आधी फोनवरच विचारलं, "काच टफन्ड, शिक्क्याची, रबर नवीन, पत्रा उघडा करून मला दाखवायचा." पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "मॅडम, तुमचंही गॅरेज आहे का?"

शीट काढली तर तीन स्क्रू सापडले, थेट पत्र्यात पिळलेले, वरून काळं सीलंट फासलेलं. त्या स्क्रूंच्या भोकांतून पाणी जाऊन गंज धरलेला. सावकाश_जा म्हणतात तसा पापड झाला नव्हता, पण खारी म्हणता येईल. घासून, प्रायमर मारून, रंग वाळायला एक दिवस गाडी तिथेच.

काच बसवताना मी मुद्दाम उभी राहिले, आणि ते बघण्यासारखं असतं हो. नव्या रबराच्या खाचेत सगळीकडून दोरी घातली, साबणाचं पाणी लावलं, एकानं बाहेरून तळहातानं काच दाबून धरली आणि दुसरा आत बसून हळूहळू दोरी ओढत गेला. दोरी निघेल तसा रबराचा ओठ पत्र्यावर पलटत येतो. आमच्याकडे करंजीची कड मुडपतात ना, अगदी तसं. दहा मिनिटांत काम झालं.

हिशोब : काच १,१५०, रबर ४५०, मजुरी ४००, पत्रा आणि रंग १,२००. एकूण ३,२००. रेझिनचे ९०० वाचले असं नवरा म्हणतो, मी काही बोलले नाही.

फेल्टमधून चहाचे दोन चमचे रेती निघाली, आणि धणे. करकर थांबली. ओरखडे आहेत तसेच ठेवलेत.

टवक्याची काच बदलली नाही. नख लागतं पण रुतत नाही, आणि तो कडेपासून चांगला चार बोटं लांब आहे. सरकतं दार आता सगळे हळू लावतात. सासूबाई सोडून.

---

वागळे_३२ :

बेस. त्या दाराच्या मापाचं जाड प्लास्टिक आणि रुंद चिकटपट्टी गाडीत ठेवा, पावसाळा आहे. आणि कधी गेलीच, तर दार आधी उघडू नका. खाली रेलमध्ये तुकडे पडलेले असतात, ते झाडून, व्हॅक्यूम क्लीनरनं ओढून घ्या आणि मग सरकवा. नाही तर रोलर खराब होतो आणि काचेच्या बिलात दाराचंही बिल चढतं.

---

तिखटमीठ :

ठेवते. काका, तुमच्यासाठी गोड्या मसाल्याचं एक पाकीट बाजूला काढलंय. पुढच्या प्रदर्शनाची तारीख ठरली की इथेच कळवते.