पॅनेल फुकट मिळतंय म्हणून मुख्याध्यापकांनी लगेच हो म्हणावं का?

खानापूर_पश्चिम
माजी विद्यार्थी कर्नाटकातल्या आपल्या मराठी शाळांना ६५ इंची स्मार्ट पॅनेल, म्हणजे वर्गात लावायचा मोठा डिजिटल पडदा, द्यायला पुढे येतात आणि मुख्याध्यापक त्याच बैठकीत हो म्हणतात. माझं मत स्पष्ट आहे: वायरमनने वर्ग तपासेपर्यंत थांबा. न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आणि अर्थिंग (जमिनीला जोडलेली तार) यांच्यातला दाब, म्हणजे व्होल्टेज, मल्टीमीटरवर २-३ व्होल्टच्या वर दिसला, तर आधी अर्थिंग दुरुस्त करून घ्या. आमच्या खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात फांद्या पडून तारा तुटतात. न्यूट्रल तुटला की २३० चा दाब ४०० कडं चढतो आणि पॅनेलचा पॉवर सप्लाय जळतो. जास्त दाबाला लाईन तोडणारं उपकरण नसेल तर भेट स्वीकारू नये.

निपाणीकर
सर, नाही म्हटलं की दाता पुढच्या वर्षी मंदिराला देणगी देतो. हो म्हणा, पण यादी पुढं करा: पॅनेल, इन्व्हर्टर, अर्थिंग, सगळं एकाच देणगीत. १५० एएचची (अँपिअर-तासांची) १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास, तूट धरून हाती साधारण ११५०. पॅनेल २०० वॅट खातं, म्हणजे पाच तास चालतं. ४० मिनिटांच्या तीन तासिका घ्यायच्या असतील तर दोनच तास लागतात. बॅटरी जुनी होऊन निम्म्यावर आली तरी भागतं. जूनमध्ये पोरं इंग्रजी माध्यमाकडं निघालीत, त्यांच्या पालकांना थांबा कसं सांगायचं?

खानापूर_पश्चिम
बंद पडलेलं पॅनेल बघूनही पालक जातातच की हो. इन्व्हर्टरचं मान्य. तो साइन वेव्हचाच, म्हणजे लाईनच्या विजेसारखी सलग लहर देणारा, घ्या.

चिकोडी_बाई
दोघंही विजेवरच अडलात. पॅनेलवर दाखवणार काय? मराठी व्हिडिओ भरपूर मिळतात, पण बरेचसे महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमाचे. आपली पुस्तकं कर्नाटकची, समाज विज्ञानाचे धडे जुळत नाहीत. मुख्याध्यापकांनी आधी एका इयत्तेच्या एका विषयाची धडावार यादी करायला लावावी. निम्मे धडेही भरत नसतील, तर त्या वर्गात पॅनेल नको. नेट जातं म्हणून व्हिडिओ पेन ड्राइव्हवर ठेवावे लागतात. तिथं एक अडचण येते: फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही, तो एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट करा. पॅनेल एक्सफॅट वाचतं का, हे दुकानातच बघा. जुन्या फॉन्टमधल्या प्रश्नपत्रिका पॅनेलवर वेड्यावाकड्या दिसतात, त्या युनिकोडमध्ये आणायला माणूस लागतो.

निपाणीकर
बाई, ही यादी पॅनेल आल्यावरच होते. समोर वस्तू नसताना कोण बसून करणार?

चिकोडी_बाई
नंतर ती यादी कुणी करत नाही, इथंच माझा विरोध आहे. शिवाय ६५ इंची पडद्याची उंची ८१ सेंटिमीटर. उंचीच्या सहापट, म्हणजे पाच मीटरच्या पलीकडं बारीक अक्षर वाचता येत नाही. खोली लांब असेल तर मागच्या बाकांवरच्या मुलांना काहीच मिळत नाही.

निपाणीकर
अंतराचं पटलं, बाकं पुढं घेता येतील. बिलाबाबत मात्र मुख्याध्यापकांनी हट्ट धरावा. बिल दात्याच्या नावावर असलं की वॉरंटीसाठी त्याच्याच मागं फिरावं लागतं. बिल शाळेच्या नावावर, सिरीयल नंबर साठा नोंदवहीत आणि एसडीएमसीचा (शाळेच्या विकास व देखरेख समितीचा) ठराव. दुकानातला पोरगा स्वतःच्या खात्यानं पॅनेल सुरू करून देतो, ते चालू देऊ नका. शाळेचं खातं उघडा, पासवर्ड दोघांकडं ठेवा.

खानापूर_पश्चिम
यावर वाद नाही. पण अर्थिंगच्या आधी पॅनेल भिंतीवर चढवायचं नाही, हे ठरावातच लिहा.