घरकामं इंग्रजीत लिहिताना डू की मेक?

प्रश्न: रोजचा दिनक्रम इंग्रजीत लिहायचाय, भांडी घासणं, कपडे धुणं, अंथरूण आवरणं वगैरे, तर कुठे डू आणि कुठे मेक तेच कळत नाहीये, आणि मधे तो ‘द’ लागतोच का? बोलताना खपून जातं हो, लिहिताना अडतं.

रिप्लाय १: बहुतेक कामांना डूच. डू द डिशेस, डू द लाँड्री, डू द आयर्निंग, आणि हो, ‘द’ हवाच. मेक म्हणजे काहीतरी तयार होतं तिथे, जसं मेक ब्रेकफास्ट, तिथे मात्र ‘द’ नको. मेक द बेड सरळ पाठ करून टाका, नियम शोधत बसू नका.

रिप्लाय २: वॉश द युटेन्सिल्स टाळा बरं का, युटेन्सिल्स म्हटलं की चमचे-डाव डोळ्यापुढे येतात, ताटल्या नाहीत. ब्रिटिश लोक भांड्यांना डू द वॉशिंग अप म्हणतात पण अमेरिकनला वॉश अप म्हणजे हात-तोंड धुणं वाटेल. कचऱ्याचंही तेच, अमेरिकेत ट्रॅश, ब्रिटनमध्ये रबिश. कुठलं तरी एकच धरा.

प्रश्नकर्ता: मग ‘आय डिड द डिशेस अँड मेड द बेड’ चालेल?

रिप्लाय १: चालेल, पण रोजचं लिहिताय ना, मग डू आणि मेकच ठेवा, डिड-मेड कालच्यासाठी.