सासूबाई, उंदीर आणि चिठ्ठी : परवाच्या पोस्टला उत्तर

कळवा_ते_परळ

'घोडबंदरवासी' यांची परवाची पोस्ट ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी. त्यांच्या सासूबाईंना गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी विचारलं, एका अभ्यासात घेऊ का, दोनपैकी कुठला उपचार ते कॉम्प्युटर ठरवेल. यांनी तिथल्या तिथे फाईल उचलली आणि घरी येऊन लिहिलं : "शोध लागायचे ते परदेशात लागलेत. इथे आपल्या बायका म्हणजे उंदीर. कुणी सही करू नका." खाली शंभरावर अंगठे.

तर माझी आई असाच एक उंदीर. साल २०१२. पाळी जाऊन पाच वर्षं झालेली आणि पुन्हा अंगावरून जायला लागलं. चार महिने कुणाला बोलली नाही. स्वतःचं धुणं वेगळं काढून पहाटे धुवायला लागली तेव्हा वहिनीला संशय आला. स्टेज टू बी, म्हणजे रोग मुखाबाहेर आजूबाजूला पसरलेला. परळला टाटात विचारलं, अभ्यासात येता का : एका गटाला आधी किमो मग ऑपरेशन, दुसऱ्याला शेक (म्हणजे रेडिएशन) आणि सोबत किमो. आईला ऑपरेशनच हवं होतं. समस्त कळव्याचं मतही तेच, पिशवी काढली की विषय संपला. "घरात साप निघाला तर बाहेर टाकतात, शेकत बसत नाहीत," ही माझी मावशी. चिठ्ठी निघाली शेकाची. आई दोन दिवस धड जेवली नाही.

तो अभ्यास २००३ ते २०१५ चालला. ६३५ बायका, निकाल २०१८ साली छापून आला. पाच वर्षांनी रोग न परतलेल्या ऑपरेशनच्या गटात ६९.३ टक्के, शेकाच्या गटात ७६.७ टक्के. म्हणजे समस्त कळवा चूक. आणि या प्रश्नावर तेव्हा परदेशातही एकमत नव्हतं. उत्तर परळला मिळालं, आमच्यासारख्यांच्या आयांमुळे. उंदीर म्हणताना जरा जीभ आवरा.

घोडबंदरवासी

ताई, आईंना नमस्कार, त्या बऱ्या आहेत याचा आनंदच आहे. पण आई वाचली म्हणून अभ्यास चांगला, हे कुठलं तर्कशास्त्र? काल रात्री मीही वाचत बसलो. एकूण जगण्याचे आकडे दोन्ही गटांत सारखेच होते, पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास. ते बरं गाळलंत! आणि दोन वर्षांनंतरही टिकलेले योनीमार्गाचे त्रास शेकवाल्या बायकांत साधारण दुप्पट. तेही गाळलंत.

माझा राग संशोधनावर नाही, पद्धतीवर आहे. चौदा पानांचा फॉर्म आणि दहा मिनिटं. मागे चाळीस माणसं उभी. मराठी तर काय वर्णावी : "सहभागी व्यक्तीचे यादृच्छिकीकरण करण्यात येईल." सासूबाई शांतपणे विचारतात, "हे यादृच्छिकीकरण भूल देऊन करतात का?"

नौपाड्याचे_नाना

शब्दात काहीही चूक नाही. यदृच्छा म्हणजे योगायोग. गीतेच्या चौथ्या अध्यायात 'यदृच्छालाभसंतुष्टो' आहे. बत्तीस वर्षं मराठी शिकवलं आहे, आठवीच्या मुलांना कळत असे. तुम्हाला 'रँडम' चालतं, 'यादृच्छिक' टोचतं. आजार तिथे आहे.

वाशी_सेक्टर_१७

नाना, कॅन्सर झालेल्या बाईने आधी गीता वाचायची का?

सानपाड्याची_भाषांतरकार

हे फॉर्म मी करते. हॉस्पिटल विचारू नका. शिव्या मलाच पडणार, म्हणून आधीच सांगते, आमच्या हातात फार नसतं. इंग्रजीचं मराठी मी करायचं, त्या मराठीचं पुन्हा इंग्रजी दुसऱ्याने करायचं, मग दोन्ही इंग्रज्या शेजारी ठेवून ताडून बघतात. मी एकदा लिहिलं होतं, "चिठ्ठ्या टाकून ठरवतात तसं." परतीच्या इंग्रजीत त्याची लॉटरी झाली. वरून लाल शेरा, हा जुगार वाटतो. पुढच्या वेळी मुकाट 'यादृच्छिकीकरण' लिहिलं. एका फेरीत पास.

वाशी_सेक्टर_१७

मग 'नाणेफेक' लिहा.

नौपाड्याचे_नाना

नाणेफेक वानखेडेवर. रुग्णाच्या जिवाशी नव्हे.

वाशी_सेक्टर_१७

हाच तर घोडबंदरवाल्यांचा मुद्दा आहे नाना. कळत नकळत त्यांच्याच बाजूला गेलात.

सानपाड्याची_भाषांतरकार

आणि 'प्लासिबो'ला, म्हणजे दिसायला औषधासारखी पण औषध नसलेली गोळी, तिला काय लिहू तेही सांगा कुणीतरी. मागे 'छद्मौषध' लिहिलं होतं. नातेवाईक म्हणे ताई, हे आयुर्वेदिक आहे का.

नौपाड्याचे_नाना

'छद्मौषध' संधीच्या दृष्टीने निर्दोष आहे.

कळवा_ते_परळ

अहो, धागा कॅन्सरचा आहे!

नौपाड्याचे_नाना

कर्करोगाचा.

कळवा_ते_परळ

नाना, हात जोडते.

घोडबंदरवासी, गाळलं हे खरं. एकूण जगण्याचा आकडा सारखा होता. पण शेकवाल्यांची पिशवी न काढता, पोट न फाडता सारखा होता, हे तुम्ही गाळलंत. फिट्टंफाट. त्रासाचं मात्र मुद्दाम लिहिलं नाही, कारण आई त्यावर कधी बोललीच नाही. शेकानंतर वर्षभरात बाबा बाहेरच्या खोलीत झोपायला लागले. आम्हाला वाटलं त्यांचं घोरणं. डॉक्टर दर तारखेला विचारायचे, आई दर वेळी म्हणायची, "काही नाही, बरं आहे." मलाही परवा तुमची पोस्ट वाचल्यावर विचारावंसं वाटलं तिला. विचारलं नाही.

शेकखोलीतला

मी शेकाच्या मशीनवर काम करतो. कुठे ते सोडा. त्रासावर अभ्यास होत नाही असं कुणी समजू नये. ऑपरेशननंतर शेक लागणाऱ्या ३०० बायका घेऊन टाटाच्या परळ आणि खारघरच्या लोकांनीच अभ्यास केला, २०२१ साली आला. जुन्या पद्धतीचा शेक एका गटाला. दुसऱ्याला, रोज फोटो घेऊन, आतड्याला वळसा घालून दिलेला. तीन वर्षांनी आतड्याचे त्रास जुन्या पद्धतीत ४२.४ टक्के, नव्या पद्धतीत २१.१. अर्धे.

आकडा ऐकून काही वाटत नाही, म्हणून सांगतो. एक बाई ठाण्याहून पनवेल लोकलने खारघरला यायच्या, जुना शेक झालेल्या, नंतर फक्त तपासणीला. ठाणे ते खारघर कुठल्या स्टेशनवर संडास कुठल्या टोकाला, कुठला उघडा, कुठल्याला कुलूप, सगळं तोंडपाठ. घणसोलीला उतरून परत मागची गाडी पकडायच्या. तपासणीच्या आदल्या दुपारपासून जेवायच्या नाहीत. चाळीसातल्या वीस बायकांचं हे टळलं तर तो उंदरांवरचा प्रयोग म्हणायचा का, तुम्हीच ठरवा.

आणि शेकाला येताना लघवी रोखून यावं लागतं. मूत्राशय भरलेलं असलं की आतडं वर सरकतं. बाटलीवर पेनने खूण करून देतो, इथपर्यंत पाणी प्या आणि थांबा. मग नेमकं मशीन बंद पडतं. पाय जुळवून बसलेल्या सहा बायका, एकमेकींकडे बघून हसणाऱ्या. त्या हसतात म्हणून आम्ही तोंड दाखवू शकतो.

मुलुंडच्या_अलीकडे

छान. सगळे गहिवरले. आता मी पाणी ओततो.

१९९८. मुंबईच्या झोपडवस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायका. अर्ध्यांची गर्भाशयमुखाला व्हिनेगर लावून, पांढरं पडतं का बघायची तपासणी, दोन-दोन वर्षांनी चार फेऱ्या. उरलेल्या अर्ध्यांना काय? आरोग्य शिक्षण. एकदा. बारा वर्षं बघत बसले. तपासणी झालेल्यांत या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. २०१३ साली अमेरिकेत भरसभेत निकाल सांगितला, टाळ्या. पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा, जिथे पॅप तपासणी (मुखावरच्या पेशी काचेवर घेऊन बघणं) कितीतरी दशकं चालू होती. तो ३१ टक्क्यांचा फरक कुणाच्या जिवावर मोजला? उंदीर शब्द कडू आहे, पण चूक आहे का?

कळवा_ते_परळ

अर्ध्यांना दिलं नाही असं म्हणता, पण तेव्हा सरकारी तपासणीचा कार्यक्रमच त्या दीड लाखांसाठी नव्हता. पॅपच्या काचा वाचायला माणसं नव्हती, म्हणून तर दहावी-बारावीच्या मुलींना शिकवून व्हिनेगरवर आले. ते चालतं का हेच माहीत नव्हतं. संपल्यावर उरलेल्यांनाही तपासणी देऊ केली.

मुलुंडच्या_अलीकडे

"तसंही तुम्हाला काही मिळत नव्हतं." हे वाक्य त्या वस्तीत जाऊन एखाद्या गेलेल्या बाईच्या मुलीला तोंडावर सांगाल? माझी मामी त्याच काळात गेली, त्याच आजाराने. कुठल्या गटात वगैरे नव्हती, वस्ती वेगळी. फॅमिली डॉक्टर दीड वर्ष पांढऱ्या पाण्याच्या गोळ्या देत होता. एकदाही आतून बघितलं नाही. त्यामुळे मला "तेव्हा पद्धतच नव्हती" ऐकलं की डोकं फिरतं.

कळवा_ते_परळ

नाही सांगू शकणार. मान्य. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर थांबून बघायला हवं होतं असं मलाही वाटतं. झालं समाधान?

पण मग पुढचंही बोला. निकाल २०१३ चा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या किती? १.९ टक्के. अर्ध्या बायकांवर अन्याय करून उत्तर काढलं आणि ते उत्तर फडताळात ठेवलं. तुमची मामी आज असती तरी तिला पांढऱ्या पाण्याच्याच गोळ्या मिळाल्या असत्या. राग काढायचा तर तिथे काढा.

वाशी_सेक्टर_१७

या कॅन्सरपासून वाचवणाऱ्या एचपीव्ही लसीचं कुणी बोललंच नाही. २००९ मध्ये लसीचे दोन डोस पुरे की तीन हवेत यावर आपल्याकडे अभ्यास सुरू झाला. २०१० मध्ये दुसऱ्याच एका लसीकरण प्रकल्पावरून, आंध्र आणि गुजरातच्या, गदारोळ झाला आणि सरकारने हाही थांबवला. सुमारे पाच हजार मुली एकाच डोसवर अडकल्या. दहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं तर कळलं, एक डोसही जवळजवळ तितकाच पुरतो. जगभर एका डोसचा विचार व्हायला त्याचा हातभार लागला. म्हणजे अभ्यास बंद पाडणाऱ्यांचेही आभार माना.

मुलुंडच्या_अलीकडे

आभाराचं पत्र नानांकडून शुद्ध मराठीत लिहून घ्या.

नौपाड्याचे_नाना

देईन. मानधन घेणार नाही.

आणि सानपाडेकर बाई, काल रात्री विचार केला. 'चिठ्ठी टाकल्यासारखे, कोणाच्याही इच्छेवर न ठेवता' असं लिहून बघा. शेवटचे शब्द असले तर परतीत लॉटरी होणार नाही, आणि यदृच्छेचा अर्थही सांभाळला जाईल. आमच्या हिचं डिंबग्रंथीचं, म्हणजे अंडाशयाचं, दुखणं होतं, २००६ साली गेली. तिच्या सगळ्या कागदांवर मीच सह्या केल्या. तिला एकही वाचून दाखवला नव्हता. शब्द सोपे असते तर दाखवला असता का, सांगता येत नाही.

सानपाड्याची_भाषांतरकार

नाना, घेतलं लिहून. पुढच्या फॉर्मात घालते. लाल शेरा आला तर तुमच्या नावावर खपवीन.

घोडबंदरवासी

सोमवारी परत जातोय. सही करणार असं नाही. पण दहा मिनिटांत उठणार नाही. त्रासाचं काय, मध्येच सोडता येतं का, चिठ्ठी नको म्हटलं तर नेहमीचा उपचार मिळतो का, हे विचारून घेणार. 'उंदीर' मागे घेतो. 'बायकांना न विचारता' ठेवतो, कारण परवा फाईल उचलताना मीही सासूबाईंना विचारलं नव्हतं. बायकोने काल ते ऐकवलं. दोनदा.

सासूबाईंना 'चिठ्ठी' असं सांगितल्यावर लगेच कळलं. म्हणाल्या, "मग ती मीच उचलणार. जावयाचा हात वाईट. सोसायटीच्या पार्किंगच्या चिठ्ठ्यांत कचराकुंडीशेजारची जागा आणलीन."

कळवा_ते_परळ

कॉम्प्युटर उचलतो, सांगा त्यांना. आमच्या आईनेही हेच विचारलं होतं.

जागा कुठली, बी विंगच्या मागची का?