सरासरी खोली दरवेळी चालत नाही
पोहण्याच्या तलावात किती लिटर पाणी आहे हे काढायला उथळ आणि खोल टोकांच्या खोलीची सरासरी काढून लांबी-रुंदीने गुणा, असं सुचवलं जातं. तळाचा उतार सलग असेल तरच ते बरोबर. आमच्या सोसायटीचा पूल 25 बाय 10 मीटर. पहिले 15 मीटर तळ सपाट, खोली 1 मीटर. पुढच्या 10 मीटरांत ती 2 मीटरपर्यंत उतरत जाते. सरासरीने 3,75,000 लिटर येतात. दोन तुकडे पाडून मोजलं तर 150 अधिक 150 घनमीटर, म्हणजे 3,00,000 लिटरच! पहिला आकडा धरून क्लोरीन टाकलं की डोस थेट सव्वापट.

आणि खोली काठाच्या फरशीपासून मोजू नका. काठी तळाला टेकवून सरळ उभी धरा, ओल जिथवर चढली तिथवर टेप लावा. एवढ्या पुलात 10 सेंटिमीटरची चूक म्हणजे 25,000 लिटर.