विषय: खानापूरच्या घरासाठी रिव्हॉल्वर

प्रेषक: खानापूरकर, ह्यूस्टन

नमस्कार मंडळी,
आई-बाबा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरजवळ शेतातल्या घरात दोघंच असतात. शेजारच्या विहिरीवरचा पंप चोरीला गेल्याचं कळल्यापासून मन थाऱ्यावर नाही. इकडे टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या बहुतेकांना पिस्तूल लपवून बाळगायला परवानाही लागत नाही. बाबांना रिव्हॉल्वरचं लायसन्स काढून द्यावं म्हणतोय. कुणाला अनुभव आहे?

---

प्रेषक: वकीलकाका, एडिसन (मूळ टिळकवाडी, बेळगाव)

चि. खानापूरकर यांस,
लायसन्स मिळेल की नाही, हे नंतर बघू. बाबा गोळी कुणावर आणि कुठल्या क्षणी झाडणार, ते आधी बोला. दिवसाउजेडी, चहा पिताना जे ठरत नाही, ते रात्री दोनला कुत्री भुंकताना सुचत नाही.

टेक्सासचा कायदा रात्रीच्या चोरीत मालमत्तेसाठीही काही परिस्थितीत जीव घेऊ देतो. तो हिशोब खानापुरात चालत नाही. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ कलमं बघ, पूर्वीची आयपीसी ९६ ते १०६. नुसता पंप उचलून नेणाऱ्याचा जीव घ्यायचा हक्क तुला नाही. जिवाची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती हवी. रात्री घर फोडून आत शिरणाऱ्याबाबत हक्क मोठा आहे, पण त्यालाही कलम ३७ ची वेसण आहे. पोलिसांकडे जायला वेळ होता, तर हक्क नाही. आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. भित्र्यासारखं पळून जा, असं कायदा सांगत नाही. सुप्रीम कोर्टानं २०१० साली दर्शन सिंग खटल्यात ते स्पष्ट केलं आहे. मात्र समोरचा पाठ फिरवून पळाला, धोका टळला, की हक्कही संपला.

मला चोरापेक्षा बांधाची भीती जास्त वाटते. आपल्याकडे भांडणं होतात ती ओळखीच्याच माणसांशी: बांध, पाण्याची पाळी, भावकीतली वाटणी. कमरेला हत्यार असलेल्यानं शिवी ऐकूनही घरी निघून यायला हवं, आणि हे सत्तरीतल्या तापट माणसाला जमेल का, ते तुलाच माहीत. नुसतं धाक दाखवायला बाहेर काढणंही चालत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे चारचौघांत ते झाकूनच न्यायचं, परजायचं नाही. वरातीत हवेत बार काढला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि आपल्या सीमाभागातली अडचण: लायसन्सवर क्षेत्र लिहिलेलं असतं. ते फक्त कर्नाटकापुरतं असेल आणि बाबा रिव्हॉल्वर घेऊन महाराष्ट्राच्या हद्दीतल्या शिनोळीला पावण्यांकडे गेले, तर गुन्हा झाला. चोर्ला घाटातून गोव्याला उतरले तरी तेच. निवडणूक लागली की ते बहुधा ठाण्यात जमा करावं लागतं, म्हणजे तेवढे दिवस घर पुन्हा तसंच.

---

प्रेषक: खानापूरची लेक, लंडन

काका, बरं लिहिलंत. दादा, एक गोष्ट विसरू नकोस. आपल्याकडे थ्री-फेज लाइट कितीदा रात्रीच येते. तेव्हा गडी, शेजारी, चुलते सगळे पाणी सोडायला अंधारात फिरतात. बाबांना विहिरीजवळ हलणारी सावली दिसली, तर ती चोराची की धाकट्या काकांची, हे ओसरीवरून ओळखता येईल? आधी बॅटरी मारायची, हाक द्यायची, ओळख पटेपर्यंत बोट घोड्यावर न्यायचंच नाही. हे हाताला वळण लागेपर्यंत शिकावं लागतं.

जंगलाच्या कडेला तर लोकांना माणसापेक्षा गव्याची आणि अस्वलाची धास्ती जास्त. जीव वाचवताना चांगल्या हेतूनं जनावर मारलं गेलं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कलम ११ तो गुन्हा मानत नाही. पण रिव्हॉल्वरनं गवा थांबत नाही, जखमी होऊन उलटतो.

आमच्या आजोबांची ठासणीची बंदूक होती, राखणीची. बंदूक एका खोलीत, दारू-छर्रे दुसरीत, आणि नातवंडं आली की किल्ल्या आजीच्या कमरेला. तुझी पोरं मे महिन्यात तिथंच असतात ना?

बाबांना विचारलंस का, की माणसावर गोळी झाडायची त्यांची तयारी आहे?

---

प्रेषक: खानापूरकर, ह्यूस्टन

ताई, आज फोन करून विचारलं. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मोतीबिंदूचं आधी बघूया की रे, आणि परसदाराचा अडसर मोडलाय, तो करून घे." काका, अर्ज करत नाही. मागच्या दाराला लोखंडी जाळी आणि विहिरीवर दिवा बसवून घेतो, ११२ नंबर आईच्या फोनवर वरच ठेवायला सांगतो. खानापुरात जाळीचं काम नीट करणारं कुणी माहीत असेल तर कळवा.