प्रयोग संपल्यावरचं एक वाक्य

रंग उतरवत असताना कुणीतरी आत येतं, एक वाक्य बोलतं आणि निघून जातं. टाळ्यांचं पुढे काही आठवत नाही, ते वाक्य मात्र जात नाही. निळू फुले राष्ट्र सेवा दलात घडलेला माणूस, पण पडद्यावरच्या खलनायकामुळे गावोगावच्या बायका त्यांना बघून बोटं मोडायच्या. तुम्हाला काय ऐकायला मिळालं? आत काय हललं? न सजवता लिहा.

दशावतार, सिंधुदुर्ग
चौदा वर्षं कोकणातल्या या लोकनाट्यात स्त्रीपार्ट करतोय. आमच्याकडे संहिता लिहिलेली नसते. कथानक ठरतं, संवाद उभ्या जागी सुचतात. त्यामुळे रंगलेला प्रसंग सर्वस्वी आपलाच, असं मनात घट्ट बसतं. एका जत्रेत द्रौपदी केली. पहाटे दहीकाला होऊन खेळ संपला, लुगडं सोडून मी विहिरीवर तोंड धूत होतो. एक आजी आली.
"झिला, ती द्रौपदी खंय गेली?"
"मियाच गो ती."
तिने मला खालून वर पाहिलं. "तू न्हय रे. तिचे डोळे सुजलेले." आणि खाज्याची पुडी पुढे केली, "ह्यां तिका दी."
वाईट वाटलं, खरंच. रात्रभर घसा मी फोडला आणि खाऊ तिला! घरी नेली पुडी, पण फोडवेना. दोन दिवसांनी पुढच्या जत्रेला निघालो तेव्हा पेटाऱ्यात तिच्या लुगड्यावर ठेवली.

झाडीपट्टी, वडसा
आमची पूर्व विदर्भातली रंगभूमी. दिवाळीनंतर रोज नवं गाव, रात्रभर नाटक. एका गावी प्रयोगानंतर एक बाई म्हणाली, "मागच्या वर्षीची पोरगी जास्त चांगली होती जी." मागच्या वर्षीही मीच होते. सांगितलं नाही. त्या वर्षी मी काय करत होते, ते आठवत बसले.

कीर्तन, पुणे
माझा गळा चांगला, हे लहानपणापासून ऐकत आले. पूर्वरंगात, म्हणजे कीर्तनाच्या पहिल्या भागात, अभंग घेतला की ताना घेतल्याशिवाय राहवत नसे. एकदा सर्दीने आवाज पार बसला. कसंबसं उत्तररंगापर्यंत, म्हणजे पुढच्या कथेच्या भागापर्यंत नेलं, लाज वाटत होती. आरतीनंतर एक आजोबा नमस्काराला वाकले आणि म्हणाले, "ताई, आज तुकोबा ऐकू आले." दर एकादशीला पहिल्या रांगेत बसणारे होते ते. मी त्या रात्री झोपले नाही. पुढच्या कीर्तनाला आवाज मोकळा होता, आणि तेच जड गेलं.