भूतानला एवढी मदत मिळते, मग रुपयाची टंचाई का झाली?

नाशिकरोड_अर्थ
नमस्कार मंडळी. एम.ए.च्या सेमिनारसाठी 'विकास मदत आणि छोटी अर्थव्यवस्था' हा विषय घेतलाय, उदाहरण भूतानचं. १९६१ची त्यांची पहिली पंचवार्षिक योजना भारताच्या पैशावरच उभी राहिली. तेराव्या योजनेसाठी (२०२४-२९) भारताने १०,००० कोटी रुपये जाहीर केलेत. लोकसंख्या आठ लाखांच्या आसपास, म्हणजे पाच वर्षांत माणशी सव्वा लाख. मग २०१२ मध्ये तिथे भारतीय रुपयाचाच तुटवडा कसा पडला? आणि कर्ज जीडीपीच्या शंभर टक्क्यांवर गेलं तरी आंतरराष्ट्रीय नाणेनिधी कर्ज थकण्याचा धोका 'मध्यम'च का म्हणतो? 'मदतीमुळे विकास झाला' एवढ्यावर भागणार नाही, पैसा कुठून कुठे गेला ते दाखवा, असं मॅडमनी बजावलंय.

गोदाकाठ
चलनापासून सुरुवात करा, बाकीचं आपोआप उलगडेल. नगुल्ट्रम हे भूतानचं चलन १९७४ पासून रुपयाशी एकास एक बांधलेला आहे आणि रुपयाही तिथल्या बाजारात चालतो. पण भूतान नगुल्ट्रम छापू शकतं, रुपया नाही. तुमच्या नाशिकरोडच्या प्रेसमधून निघणारी नोट थिंफूच्या मध्यवर्ती बँकेसाठी परकीय चलनच आहे, ती कमवावी लागते. मुख्य वाटा तीन: भारताला वीज आणि थोडाफार माल विकणं, मदत किंवा कर्ज घेणं, नाहीतर साठ्यातले डॉलर विकून रुपये घेणं.

आता जलविद्युत प्रकल्पाला १०० कोटी आले असं धरा. टर्बाइन, जनित्र, पोलाद, डिझेल, बोगद्याची यंत्रं, ठेकेदाराचं बिल, भारतीय मजुरांची घरी जाणारी मजुरी असं बरंचसं भारतात परत येतं. आयात आणि मदत एकाच वेळी नोंदली जाते, त्यामुळे या भागाने टंचाई होत नाही. घोळ उरलेल्या भागात आहे. ट्रकवाले, स्थानिक पोटठेकेदार, घरमालक यांच्या हातात पैसा येतो, तो बँकेत ठेव म्हणून जातो आणि बँक त्या जोरावर गाडी-घरासाठी कर्ज देते. गाडी भारतातून येते, घराच्या सळया भारतातून, तांदूळ-तेलसुद्धा सीमेवरच्या फुन्टशोलिंगच्या नाक्यावरूनच. म्हणजे देशात दिलेलं प्रत्येक नवं कर्ज काही महिन्यांत रुपयाची मागणी बनून उभं राहतं. मदतीने जेवढे रुपये आणले, त्याहून जास्त रुपये तिच्या आधाराने फुगलेल्या पतपुरवठ्याने बाहेर नेले.

२०११ अखेर हे अंगाशी आलं. भारतीय बँकांतले ओव्हरड्राफ्ट फेडायला भूतानच्या मध्यवर्ती बँकेने २० कोटी डॉलर विकले. तेही पुरलं नाही. मार्च २०१२ मध्ये रुपये देण्यावर मर्यादा आली, गाड्या आणि घरबांधणीची कर्जं थांबवावी लागली. सेमिनारमध्ये हा प्रसंग मध्यभागी ठेवा, कारण मदत 'किती' यापेक्षा ती कुठल्या चलनात येते आणि त्या चलनाला पुढे किती पाय फुटतात, हे इथे उघड दिसतं.

खतावणी
कर्जाच्या प्रश्नासाठी अनुदान आणि कर्ज यांचं प्रमाण प्रकल्पागणिक मांडा. 'मदत' हा एकच शब्द वापरला की फसगत होते.

चुखा (३३६ मेगावॅट, १९८०च्या दशकात सुरू): ६० टक्के अनुदान, ४० टक्के कर्ज, व्याज ५ टक्के.
ताला (१,०२० मेगावॅट, २००६-०७): प्रमाण तेच, पण व्याज ९ टक्के.
पुनात्सांगछू-१ (१,२०० मेगावॅट): ४० टक्के अनुदान, ६० टक्के कर्ज, व्याज १० टक्के.
मांगदेछू (७२० मेगावॅट, २०१९): ३० टक्के अनुदान, ७० टक्के कर्ज, व्याज १० टक्के.

अनुदान निम्म्यावर आलं आणि व्याज दुप्पट झालं. तरीही मांगदेछू नीट चालला, कारण तो वेळेच्या फार बाहेर गेला नाही आणि विजेचा दर युनिटला ४ रुपये १२ पैसे ठरला. हा दर खर्चावर आधारून काढतात. व्याज, घसारा आणि देखभाल धरूनच आकडा येतो, म्हणून कर्ज बरंचसं स्वतःच स्वतःला फेडतं. घेतलं रुपयात, वीज विकली रुपयात, विनिमय दराची जोखीम नाही, गिऱ्हाईक भारत. नाणेनिधी जलविद्युत कर्ज वेगळ्या नजरेने बघतो ते यामुळे.

बिघडतं ते उशिराने. पुनात्सांगछू-१ चं काम २००८ मध्ये सुरू झालं. २०१३ मध्ये धरणाच्या जागी उजव्या काठाचा डोंगर सरकला. मूळ खर्च सुमारे ३,५०० कोटी होता, तो ९,००० कोटींच्या वर गेला. बांधकामाच्या काळातलं व्याज भरलं जात नाही, ते मुद्दलात मिळवतात. १०० कोटी कर्जावर १० टक्क्यांनी पाच वर्षं उशीर झाला तर मुद्दल १६१ कोटी होतं आणि तोवर एक युनिटही विकलेलं नसतं. पुढे हा सगळा बोजा दरात घालावा लागतो, तेव्हा भारतातला खरेदीदार त्याची तुलना स्वस्त सौर विजेशी करणार. खरी जोखीम तिथे आहे.

नाशिकरोड_अर्थ
दोघांचेही मनापासून आभार. मग याला 'डच डिसीज' म्हणू का?

सातपूर_एमआयडीसी
जपून म्हणा. पुस्तकी डच डिसीजमध्ये बाहेरून पैशाचा लोंढा आला की चलन महाग होतं आणि निर्यात मरते. इथे विनिमय दर बांधलेला आहे, तो हलतच नाही. त्यामुळे परिणाम बघायचा तो आयात न होणाऱ्या गोष्टींत: घरभाडं, जमीन, वाहतूक, कुशल कामगाराची मजुरी. सिंहस्थाची कामं निघाली की नाशिकच्या खडी आणि गवंड्याच्या दरावर जो ताण येतो, तोच प्रकार देशाच्या आकारात. मात्र सीमा खुली आणि मजूर भारतातून येतो, त्यामुळे मजुरी फार चढत नाही. उलट स्थानिक तरुणाला बांधकामात शिरायची ओढ राहत नाही.

दुसरी खूण रोजगाराची. धरण बांधताना हजारो माणसं लागतात, पण वीजघर चालवायला फार थोडी. जीडीपी वाढतो, नोकऱ्या वाढत नाहीत, शिकलेली मुलं ऑस्ट्रेलियाला जातात. स्वस्त विजेवर फुन्टशोलिंगजवळच्या पासाखाला फेरोसिलिकॉनचे (पोलादात लागणाऱ्या मिश्रधातूचे) कारखाने आले, पण त्यातही माणसं कमीच.

एक गोष्ट फार कमी जण लिहितात, तुम्ही जरूर घ्या. भूतानच्या २००८च्या राज्यघटनेत कलम १४ मध्ये म्हटलंय की चालू खर्च देशाच्या स्वतःच्या उत्पन्नातूनच भागवायचा, आणि किमान एक वर्षाच्या अत्यावश्यक आयातीपुरता परकीय चलनसाठा ठेवायचा. म्हणजे मदतीतून रुग्णालय बांधता येतं, पण नर्सचा पगार, औषधं, छताची डागडुजी स्वतःच्या करातून. ही फार चांगली शिस्त आहे, कारण मदत आटली तरी पगार थांबत नाहीत. पण मदतीने बांधलेली प्रत्येक इमारत आणि रस्ता पुढच्या देखभालीचं ओझं कायमचं मागे ठेवून जातो, आणि करदाते मोजके.

गोदाकाठ
दोन भर. एक, २०१७ पर्यंत भूतानला जाणाऱ्या मालावरचा अबकारी कर भारत परत करायचा, ते भूतान सरकारचं मोठं उत्पन्न होतं. भारतात जीएसटी आल्यावर निर्यातीवर करच उरला नाही, परतावाही गेला. बाराव्या योजनेत भारताने ४,५०० कोटींच्या मदतीच्या जोडीला ४०० कोटींची वेगळी व्यापार-साहाय्याची रक्कम दिली, ती या पार्श्वभूमीवर. दोन, हे प्रकल्प नदीच्या वाहत्या पाण्यावर चालतात, गंगापूर धरणासारखा साठा मागे नसतो. पावसाळ्यात वीज उतू जाते, हिवाळ्यात भूतान भारताकडून विकत घेतं. निर्यातीचा वार्षिक आकडा घेताना ही हिवाळी आयात वजा करा. २०२२-२३ ची चालू खात्यातली तूट मदतीच्या माथी मारू नका, त्यात बिटकॉइन मायनिंगच्या यंत्रांची आयात मोठी होती.

खतावणी
आकडे कसे गोळा करायचे ते सांगतो. भूतानच्या मध्यवर्ती बँकेच्या वार्षिक अहवालात आंतरराष्ट्रीय देवघेवीचा ताळेबंद 'भारताशी' आणि 'इतर देशांशी' असा दोन भागांत असतो. फक्त भारताचा तक्ता घ्या. आयातीतून जलविद्युत प्रकल्पांची आयात वेगळी काढा, उरलेल्या आयातीशेजारी खासगी पतपुरवठ्याची वाढ ठेवा. दोन्ही रेषा बरोबर चढताना दिसल्या तर गोदाकाठ म्हणतात ते सिद्ध होईल. मदतही तीन भागांत तोडा: प्रकल्पाशी बांधलेली, गावपातळीवरची छोटी कामं, आणि थेट अर्थसंकल्पात जाणारं अनुदान. रुपयाच्या गंगाजळीला मोकळा हातभार लागतो तो मुख्यतः तिसऱ्याचा.

आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या अर्थसंकल्पात भूतानच्या नावापुढे अनुदान आणि कर्ज दोन्ही येतात, दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत उतरवा. आणि आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचं जुलै ते जून. दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवले की तीन महिन्यांची सरमिसळ होते, ते तळटीपेत लिहा, नाहीतर मॅडम तिथेच पहिला प्रश्न विचारतील.